झोपेचे देणे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत स्मृति नगर, भिलाई येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी मी ज्या विषयावर बोलणार आहे, त्याचे शास्त्रीय नाव ‘मेंदूतील ॲडिनोसीनचे ग्राही आणि पेशींमधील संदेशवहन’ असे आहे. हे नाव निमंत्रणपत्रिकेवर छापले असते, तर आज या सभागृहात मी आणि आभारप्रदर्शन करणारे गृहस्थ असे दोघेच उरलो असतो. म्हणून ‘झोपेचे देणे’ हे सुटसुटीत नाव पत्रिकेवर आले. त्यातून व्याख्यानाची वेळ भोजनोत्तर ठेवल्यामुळे विषयाचे प्रात्यक्षिक श्रोत्यांकडूनच मिळण्याचा संभव आहे. समर्थांनी दासबोधात निद्रानिरूपणाचा एक स्वतंत्र समासच लिहिला आहे. तेव्हा कोणाची मान लवली तर मी तो अनादर समजणार नाही. विषयाला दिलेली ती अनुमती आहे, असेच मानीन.

हा विषय भिलाईत बोलावा, याला कारण आहे. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून या गावाच्या जीवनाला एक नवा नियम लागला. झोतभट्टी ही चुलीसारखी रात्री निखारे झाकून ठेवण्याची वस्तू नव्हे. ती पेटली की वर्षानुवर्षे अहोरात्र चालते. भट्टी झोपत नाही, म्हणून तिच्यापाशी कोणाला तरी जागावे लागते. नागपूर, भंडारा, वर्धा, अमरावती अशा गावांहून आलेल्या आपल्या वाडवडिलांनी या गावाला जे दिले, त्यात घाम तर आहेच. पण त्याहून मोठी आणि कुठल्याही जमाखर्चात न मांडलेली एक रक्कम आहे. ती म्हणजे त्यांची झोप.

आमच्या लहानपणी रातपाळी करून आलेला माणूस दुपारी घरात झोपलेला असे. तेव्हा भांडे वाजता कामा नये, कडी हळू लावावी, खेळायला दूर जावे, असा दंडक होता. मोठी माणसे रागावतील म्हणून आम्ही तो पाळीत असू. झोपलेल्या माणसाच्या मेंदूत त्या वेळी कोणता हिशेब पुरा होत असतो, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हते. खरे सांगायचे तर शास्त्रज्ञांनाही त्याची कल्पना फार अंधुक होती.

माणसाला झोप का येते? ‘थकतो म्हणून’ हे उत्तर प्रत्येकजण देईल; परंतु थकणे म्हणजे नेमके काय होणे? विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जपानमध्ये कुनिओमी इशिमोरी यांनी आणि फ्रान्समध्ये लझांद्र व पिएरों यांनी स्वतंत्रपणे सारखेच प्रयोग केले. दीर्घकाळ जागवलेल्या कुत्र्यांच्या मेंदूतील द्रव त्यांनी ताज्यातवान्या कुत्र्यांना टोचला. ती कुत्री झोपी गेली. जागेपणी मेंदूत काहीतरी साठत जाते आणि तेच पुढे झोप आणते, असा याचा अर्थ होता. मात्र ते ‘काहीतरी’ म्हणजे काय, हे उलगडण्यास अनेक दशके जावी लागली.

त्याचा धागा एका भारतीय माणसाच्या हाती आधीच आला होता. १८९५ साली आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्क यांच्यासमवेत स्नायूंतील फॉस्फरसयुक्त द्रव्यांचा शोध घेत होते. १९२९ साली त्यांनी आणि त्याच सुमारास जर्मनीत कार्ल लोमान यांनी एक द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट. सोयीसाठी आपण एटीपी म्हणू. आपल्या भिलाईत तेलुगू बांधवांची संख्या मोठी आहे. त्यांच्या या थोर पुत्राचे नाव आपल्याही मुलांना ठाऊक असावे, एवढे मी आवर्जून सांगतो.

एटीपी हे पेशीचे रोखीचे चलन आहे. अन्नातून मिळालेली शक्ती पेशी या चलनात साठविते आणि प्रत्येक कामाच्या वेळी ते मोडते. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण विश्रांत अवस्थेतील शरीराच्या एकूण शक्तीपैकी सुमारे २० टक्के तो एकटा खर्च करतो. या एटीपीच्या रेणूला तीन फॉस्फेटांची शेपटी असते. खर्च होताना ती फॉस्फेटे क्रमाक्रमाने गळतात, आणि सगळी गळून गेली म्हणजे जे उरते ते ॲडिनोसीन. नोट मोडून मोडून शेवटी हातात चिल्लर राहावी, तसे. दिवसभर चेतापेशी काम करतात, शक्ती खर्चतात आणि त्यांच्या आसपासच्या द्रवात ही चिल्लर हळूहळू साचत जाते.

आता निसर्गाची युक्ती पाहा. ही चिल्लर त्याने केरात टाकली नाही. तिचाच निरोप्या केला. किती खर्च झाला, याची वर्दी खर्चातून उरलेल्या वस्तूनेच द्यावी, याहून सचोटीचा हिशेब कोणता?

या निरोपाचा पहिला पुरावा मेंदूत नव्हे, हृदयात मिळाला. १९२९ सालीच केंब्रिज येथे ड्रुरी आणि सेंट-ग्यॉर्गी यांनी दाखविले की, ॲडिनोसीन टोचल्यास प्राण्याच्या हृदयाची गती मंदावते. पुढे १९५४ मध्ये फेल्डबर्ग आणि शेरवूड यांनी मांजराच्या मेंदूतील पोकळीत ते सोडले, तेव्हा मांजराला गुंगी आली. १९७० मध्ये सॅटिन आणि रॉल यांनी गिनीपिगच्या मेंदूच्या कापांवर प्रयोग केला. ॲडिनोसीनमुळे पेशींच्या आत ‘सायक्लिक एएमपी’ नावाचे द्रव्य वाढते आणि थिओफिलीन हे कॅफीनचे भावंड घातले की ही वाढ थांबते, असे त्यांना आढळले. निरोप बाहेरून येतो आणि आत काही घडते. याचा अर्थ, मध्ये तो घेणारा कोणीतरी असला पाहिजे. हाच तो ग्राही.

ग्राही म्हणजे पेशीच्या आवरणात बसविलेला प्रथिनाचा एक रेणू. त्याची साखळी आवरणातून सात वेळा आरपार जाते. बाहेरच्या बाजूस तिच्या घडीत एक बैठक असते. आतल्या बाजूस ‘जी-प्रथिन’ नावाचा हरकाम्या उभा असतो. बैठकीवर योग्य रेणू येऊन बसला की साखळी किंचित कलते, हरकाम्याला खूण मिळते आणि तो आत जाऊन कामाला लागतो. पाहुणा घरात येत नाही. तो ओसरीवर बसतो, आणि त्याच्या येण्याने माजघरातली कामे बदलतात.

ॲडिनोसीनचे असे चार ग्राही आहेत: ए-१, ए-२ए, ए-२बी आणि ए-३. आपल्या विषयाला त्यांतील पहिले दोन महत्त्वाचे. ए-१ हा आवर घालणारा आहे. तो चेतापेशीत कॅल्शियमचा प्रवेश कमी करतो, त्यामुळे शेजारच्या पेशीकडे जाणारे उत्तेजक रसायन कमी सुटते. शिवाय पोटॅशियमची दारे उघडून पेशीला शांत करतो. ए-२ए हा आत सायक्लिक एएमपी वाढविणारा आहे. तो मेंदूच्या खोलवर, हालचाली आणि जागृती यांच्याशी संबंधित भागात दाटीने आढळतो आणि तेथे डोपामीनच्या कार्याला विरोध करतो. एकच निरोप, परंतु घेणारा कोण यावर परिणाम ठरतो. हे पेशींच्या संदेशवहनाचे मोठे तत्त्व आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य आणि त्यांचे सहकारी सेरोटोनीनच्या ग्राहींवर काम करीत आहेत. सेरोटोनीनचा निरोप चेतापेशीतील शक्तिनिर्मितीची केंद्रेसुद्धा वाढवू शकतो, असे त्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. निरोप आणि शक्ती यांचे हे नाते दोन्ही दिशांनी चालते, असे यावरून दिसते.

१९९७ साली पोर्का-हाइस्कानेन, मॅकार्ली आणि त्यांचे सहकारी यांनी जागत्या मांजरांच्या मेंदूच्या पुढील तळभागातील ॲडिनोसीन मोजले. सहा तास सक्तीने जागविले असता ते वाढत गेले, आणि झोप मिळाल्यावर हळूहळू उतरले. नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या ‘काहीतरी’ला आता एक नाव मिळाले. हे एकमेव नाव नव्हे. झोप आणणारी इतरही द्रव्ये आहेत, आणि प्रयोगशाळेत ए-१ ग्राही नसलेले उंदीरही झोपतातच. तथापि जागेपणाच्या खर्चाची नोंद ठेवणाऱ्यांत ॲडिनोसीन हा प्रमुख कारकून आहे, याविषयी आता फारसा वाद नाही.

येथे चहाचा प्रवेश होतो. या सभागृहामागे आधण ठेवले गेल्याचा सुगंध मघापासून येतच आहे.

कॉफीतून कॅफीन प्रथम वेगळे केले ते १८१९ साली जर्मन रसायनज्ञ रुंग यांनी. कॉफीच्या बिया त्यांना दिल्या होत्या महाकवी ग्योथे यांनी. पुढे चहातील द्रव्यही तेच असल्याचे सिद्ध झाले. ते जाग कशी आणते, हे मात्र दीडशे वर्षे कोणाला सांगता आले नाही. त्याचे उत्तर आपणा प्रवासी मंडळींना चटकन कळण्यासारखे आहे. सुट्टीत गावी जाताना दुर्गच्या फलाटावर गाडी लागली की, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे गृहस्थ आपण पाहिलेले आहेत. रुमाल प्रवास करीत नाही, तिकीट काढीत नाही. परंतु तो तेथे आहे तोवर खरा प्रवासी बसू शकत नाही. कॅफीन हा तसा रुमाल आहे. त्याची घडण ॲडिनोसीनसारखी आहे, म्हणून ते बैठकीवर नेमके बसते. पण साखळी कलत नाही आणि हरकाम्याला खूण मिळत नाही. २००५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या प्रयोगात ए-२ए ग्राही नसलेल्या उंदरांना कॅफीन दिले, तर त्यांची जाग वाढली नाही. ए-१ नसलेल्यांची मात्र वाढली. रुमाल कोणत्या बाकावर पडतो, हेही कळून आले.

यातून निघणारा निष्कर्ष मात्र नीट ऐकावा, कारण माझ्या सगळ्या बोलण्याचे सार त्यात आहे. कॅफीन शक्ती देत नाही. ते थकवा घालवीत नाही. ते फक्त थकव्याचा निरोप पोहोचू देत नाही. प्रवासी फलाटावर उभेच असतात आणि त्यांची संख्या वाढतच असते. रुमाल उचलला गेला की सगळे एकदम आत घुसतात. चहाने झोप फिटत नाही; तिची मुदत वाढते.

ही मुदत किती? प्रौढ माणसाच्या रक्तातील कॅफीन निम्मे होण्यास साधारणपणे पाच तास लागतात; गरोदर स्त्रियांत बरेच अधिक, धूम्रपान करणाऱ्यांत कमी. समजा, रातपाळीच्या माणसाने पहाटे चार वाजता दोन कप चहा घेतला आणि त्यातून ८० मिलिग्रॅम कॅफीन पोटात गेले. सकाळी नऊ वाजता, तो अंथरुणावर आडवा होतो तेव्हा, ४० मिलिग्रॅम, म्हणजे एक पूर्ण कप, अजून त्याच्या अंगात आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्यापूर्वी सहा तास ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिले, तरीही झोप एका तासाहून अधिक घटली.

रातपाळीवाल्याचे संकट दुहेरी आहे. १९८२ साली स्वित्झर्लंडमधील बोर्बेली यांनी मांडले की, झोप दोन गोष्टींवर अवलंबून असते: एक, जागेपणी साचत जाणारा दाब, आणि दुसरे, उजेड-अंधाराशी जुळलेले शरीराचे घड्याळ. सकाळी घरी आलेल्या माणसाच्या मेंदूत दाब पुरेपूर असतो. पण घड्याळ सांगत असते की दिवस उगवला, ऊठ. त्यात बाहेर भाजीवाल्याची हाक, दाराची घंटा आणि अंगात उरलेला चहा. म्हणून तो चार-पाच तासांत जागा होतो आणि राहिलेले देणे घेऊन पुन्हा पाळीवर जातो. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रातपाळीच्या कामाची गणना कर्करोगास बहुधा कारण होणाऱ्या गोष्टींत केली आहे. हे मी भीती घालण्यासाठी सांगत नाही. ज्यांनी ही किंमत न सांगता मोजली, त्यांच्याविषयी आपला आदर अधिक डोळस व्हावा, म्हणून सांगतो.

चहाची केवळ निंदा करून मी बसलो, तर तो अन्याय होईल. आणि चहापानाआधी ते धाडसाचेही ठरेल. हेच ग्राही आज वैद्यकाच्या कामी आले आहेत. हृदयाची गती एकाएकी अनावर होते, तेव्हा काही प्रकारांत शिरेतून ॲडिनोसीन देतात. त्याचे आयुष्य अवघ्या काही सेकंदांचे असते. तेवढ्यात ते हृदयाची लय ठिकाणावर आणते. हृदयाच्या ज्या तपासणीत हे औषध वापरतात, तिच्याआधी चहा-कॉफी वर्ज्य करण्यास सांगतात, याचे कारण आता आपल्या ध्यानात आले असेल: रुमाल आधीच पडलेला असेल, तर औषध बसणार कोठे? अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास मधूनमधून थांबतो, तेव्हा त्यांना कॅफीन देतात. २००६ आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात अशा मुलांना त्याचा पुढेही लाभ झाल्याचे दिसले.

कंपवाताचे उदाहरण तर विशेष उद्बोधक आहे. या विकारात मेंदूतील डोपामीन कमी पडते. ए-२ए ग्राही डोपामीनला विरोध करतो. मग त्यालाच अडविले तर? या विचारातून इस्ट्राडेफायलीन हे औषध निघाले. २०१३ मध्ये जपानने आणि २०१९ मध्ये अमेरिकेने, मूळ औषधाच्या जोडीने देण्यासाठी, त्याला मान्यता दिली. होनोलुलू येथे सुमारे आठ हजार पुरुषांची तीस वर्षे नोंद ठेवली असता कॉफी पिणाऱ्यांत कंपवाताचे प्रमाण कमी आढळले, हे २००० साली प्रसिद्ध झाले. पण म्हणून कोणी कंपवातावर कॉफीचा उपाय सुरू करू नये. ज्यांना रोग झाला आहे, त्यांना कॅफीन देऊन केलेल्या नियंत्रित चाचणीत हालचालींत सुधारणा झाली नाही. तो निष्कर्ष २०१७ सालचा आहे. दोन गोष्टी बरोबर दिसणे आणि एकीमुळे दुसरी घडणे यांत अंतर असते.

आणखी एक घरगुती अनुभव. निर्जळी उपवासाच्या दिवशी दुपारनंतर डोके दुखू लागते. त्याचा सगळा दोष पोटाच्या भुकेवर टाकण्याचे कारण नाही. रोज रुमाल पडत राहिला की मेंदू त्याची सवय करून घेतो. मग तो अचानक नाहीसा झाला की, ॲडिनोसीनचा प्रभाव एकाएकी वाढतो, मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोके ठणकते. हे सहसा शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत सुरू होते. चहा कमी करायचा असेल, तर तो एकदम न सोडता दिवसाला अर्धा-अर्धा कप घटवावा.

आता शेवटची आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. झोतभट्टीपाशी जागणारी पिढी आता बरीचशी निवृत्त झाली आहे. पण आपल्या घरांतले जागरण निवृत्त झालेले नाही. ते मुलांच्या खोलीत गेले आहे. प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी आपले गाव नावाजलेले आहे आणि त्याचा आपल्याला अभिमानही आहे. परंतु रात्री दोन वाजता मुलाच्या टेबलावर कॉफीचा पेला नेऊन ठेवणारी आई आणि ‘आमच्या वेळी आम्ही रातपाळी करून शिकलो’ असे सांगणारे आजोबा, या दोघांना मला हात जोडून एक सांगायचे आहे. आजोबांचे जागरण ही भट्टीची गरज होती. नातवाच्या अभ्यासाची तशी गरज नाही. दिवसा शिकलेले रात्रीच्या झोपेत मेंदूत पक्के होत असते. ती झोप कापून दिलेले तास म्हणजे बियाण्याचे धान्य दळून केलेली भाकरी होय. पोट आज भरेल, पेरणीला काही उरणार नाही.

चरकाचार्यांनी आहाराच्या बरोबरीने निद्रेला शरीराचा उपस्तंभ म्हटले आहे. प्रयोगशाळेने त्या वचनाला रेणूंची भाषा दिली, एवढेच. त्या भाषेतून आचरणाचे चार साधे नियम निघतात. झोपण्याच्या वेळेआधी सहा-आठ तास चहा-कॉफी घेऊ नये. निरोगी प्रौढाने दिवसाकाठी ४०० मिलिग्रॅम आणि गरोदर स्त्रीने २०० मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा ओलांडू नये. रातपाळीहून परतताना डोळा लागत असेल, तर गाडी बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटे झोप घ्यावी. तो वेळ वाया जात नाही, तो जीव वाचवितो. आणि ज्याला झोप येत नाही अशा वृद्धाने गोळी मागण्यापूर्वी आपला दुपारचा चहा मोजावा.

मंडळालाही, सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने, एक मागणे आहे. पन्नास वर्षे या मंडळाने गणेशोत्सव, नाटके, दिवाळी पहाट यांनी परमुलखात आपली भाषा जागती ठेवली. ते जागणे पुढेही चालू राहो. पण उत्सवातील ध्वनिक्षेपक लावताना आसपासच्या घरांत कोणी रातपाळी करून निजले आहे काय, याची विचारपूस आपल्या कार्यकर्त्यांनी आधी करावी. आणि रात्रीचे कार्यक्रम दहाच्या आत संपवावेत. ज्यांच्या जागरणावर हे गाव उभे राहिले, त्यांच्या झोपेची बूज राखणे हे त्यांचे ऋण मान्य करण्यासारखेच आहे.

माझ्या मोजणीप्रमाणे फक्त तिघांनी प्रात्यक्षिक दाखविले.